अर्नेस्ट मेडोक्रॉफ्टची कबर

मेलेल्या माणसांशी इतका घरोबा असलेला दुसरा माणूस सबंध टेक्सासमध्ये सापडणार नाही, आणि टेक्सास केवढं आहे हे कोथिंबिरीच्या जुडीसाठी अकरा मैल गाडी हाकणाऱ्या माझ्यासारख्याला कुणी सांगायला नको. हे आमच्या शेजारचे काका. शुगर लँडमधल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळेच काका म्हणतात. समोरचा व्हिएतनामी डॉक्टरसुद्धा ‘गुड मॉर्निंग, काका’ म्हणतो आणि आपण त्यांचं नावच घेतलं अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. काका मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. उभं आयुष्य तेलाच्या पाइपलाइनी तपासण्यात गेलं. रिटायर झाल्यावर इथली माणसं गोल्फ खेळतात, क्रूझवर जातात, नाहीतर शेजाऱ्याचं गवत किती वाढलं ते पाहत बसतात. काकांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन भक्तिगीतांच्या कवींशी सोयरीक जोडली. चर्चमध्ये उभं राहून गायची ती जुनी गॉस्पेल गीतं आपण ऐकतो आणि घरी येतो. काका ऐकतात आणि ‘हे लिहिणाऱ्याला संधिवात होता का?’ असं विचारतात.

त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नाही. गाडी बाहेर उन्हात उभी असते, कारण आत तीनशेच्या वर जुनी गीतपुस्तकं आहेत आणि त्यांना दमट हवा सोसत नाही. कपाटावर मिठाईचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले. कुणाला वाटावं, काका गोडाचे शौकीन. एकदा मी मोठ्या आशेनं काजूकतलीचा डबा उघडला, तर आत ‘क’पासून ‘च’पर्यंतचे कवी निघाले. प्रत्येकाचं एक कार्ड. त्यावर ठरलेले रकाने: नाव, गाव, पोटापाण्याचा धंदा, दुखणं, बायको किंवा नवरा, गीत सुचलं तेव्हा काय चाललं होतं, आणि सगळ्यात शेवटी, ‘गेला कशानं’. ही मंडळी काकांच्या बोलण्यात नावानं येत नाहीत, नात्यानं येतात. ‘आपला चांभार’ म्हणजे ओहायोतला एक गृहस्थ, ज्यानं स्वर्गातल्या चिरविश्रांतीवर चाळीस गीतं लिहिली. ‘लिहिणारच!’ काका म्हणतात. ‘घरात अकरा पोरं होती.’ ‘आपला मास्तर’ सहनशीलतेवर लिहायचा आणि वर्गात दौत फेकून मारायचा. ‘आपली लोणीवाली’ विधवा होती, तिच्या सगळ्या चाली ताक घुसळण्याच्या ठेक्यात आहेत, आणि हे सिद्ध करण्यासाठी काकांनी काकूंच्या मिक्सरशेजारी उभं राहून गायलेलं मी पाहिलं आहे. त्यांचे साहित्यविषयक सिद्धान्तही पक्के. ‘दुखणाईत माणसाचं चौथं कडवं बघ, सोनं असतं! धडधाकट माणसानं तीनच्या वर जाऊ नये.’

पण काकांचा खरा कायदा वेगळाच. कर्त्याचं नाव आणि त्याच्या आयुष्यातल्या चार गोष्टी सांगितल्याशिवाय ते गीत गात नाहीत, आणि दुसऱ्याला गाऊही देत नाहीत. ‘एखाद्याकडे पोटभर जेवायचं आणि यजमानाचं नावही विचारायचं नाही, हे तुमच्या पुण्यात चालत असेल. आपल्याकडे अभंगाच्या शेवटच्या ओळीत कर्ता स्वतःच हजेरी लावून जातो, ते सोयीचं पडतं. हे बिचारे लाजाळू. नाव कुठे, तर पानाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात!’ आमच्या घरच्या सत्यनारायणाला काका आले होते. हौसेनं आले, नंतर शिराही दोनदा घेतला; पण आरतीला सगळे उभे राहिल्यावर त्यांनी हात वर केला आणि गुरुजींना विचारलं, ‘ही आरती कुणाची? त्यांना मुलंबाळं किती?’ आमचे गुरुजी आठवडाभर एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतात आणि शनिवार-रविवार देवांचं. त्यांनी तबक हातात धरून, ‘आय विल गेट बॅक टु यू, काका,’ असं खास ऑफिसातलं उत्तर दिलं. तोवर कापूर विझला होता.

काका ज्या चर्चमध्ये जातात ते लहानसं आहे, वीस मिनिटांवर. मंडळी बहुतेक वयस्कर, आफ्रिकन-अमेरिकन. पियानोवर असतात मिस कोरा. त्यांचं वय विचारायची कुणाची छाती नाही. दर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे ‘हिम-सिंग’, म्हणजे भक्तिगीतांचा मेळा असतो: ज्याला जे गीत हवं ते त्यानं सांगायचं, सगळ्यांनी गायचं. त्या दिवशी कर्त्याची ओळख करून द्यायला काकांना दोन मिनिटं मिळतात. ती काकू घड्याळावर मोजतात आणि अकरा भरतात. मग मिस कोरा ‘ऑल राइट नाऊ, प्रोफेसर’ म्हणून पहिला सूर असा काही दाबतात की काकांचं वाक्य जागच्या जागी पूर्ण होतं.

नव्या कर्त्याचं कार्ड भरलं की काका त्याच्या कबरीवर जाऊन एक कडवं गाऊन येतात. साठीनंतर हायवेला गाडी चालवायची नाही असं काकूंनी बजावल्यामुळे या यात्रांचा सारथी मी. माझं सारथ्य कसं, तर पहिल्याच खेपेला मी त्यांना भलत्याच दगडापुढे नेऊन उभं केलं. काकांनी टोपी काढली, दोन कडवी गायली, डोळे पुसले, आणि मग काकूंनी शांतपणे वाचून दाखवलं की हा गृहस्थ घोड्यांचा व्यापारी होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तसंही, तिथे जागा होती. काका म्हणाले, ‘असू दे. त्याच्यासाठी तरी कोण गायलं असेल?’

गेल्या ऑक्टोबरात एका सोमवारी काकूंनी मला कुंपणाशी बोलावलं. कढीपत्त्यासाठी असेल म्हणून मी रिकाम्या हातानं गेलो. ‘यांच्या थायरॉइडला गाठ आहे. साधी आहे, घाबरण्यासारखं नाही म्हणतात. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन. पण आवाजाची नस तिथूनच जाते म्हणे. आवाज राहील, बसेल, डॉक्टर काही कबूल करत नाहीत.’

‘काका काय म्हणतात?’

‘ते काय म्हणणार! नसबिस काही नाही, त्यांना आईचं गाणं म्हणायचंय. येत्या रविवारी. आणि म्हणणार नाहीत बघ. कार्ड कोरं आहे ना.’

ते कार्ड मला माहीत होतं. काकांच्या आई नगरजवळच्या एका गावात मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. पहाटे विहिरीवर पट्ट्या धुताना त्या एक गीत म्हणायच्या: ‘पैलतीरी लाव दिवा, येते मी, येते मी.’ पुढे अमेरिकेत आल्यावर काकांना एका चर्चच्या दारातून तीच चाल इंग्रजीत ऐकू आली आणि ते पार्किंगमध्ये उभे राहून रडले. त्या दिवसापासून शोध सुरू. तीनशे पुस्तकं पालथी घातली. प्रत्येकात कर्त्याच्या जागी एकच शब्द, ‘अज्ञात’. कायदा म्हणजे कायदा. चाळीस वर्षं काका ते गीत गुणगुणत आले, पण गायले एकदाही नाहीत.

मी दोन दिवस ऑफिसचं काम सोडून इंटरनेट खणलं. माझं काम दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचं, त्यामुळे माणूस शोधणं मला सोपं वाटलं होतं. काही हाती लागलं नाही. बुधवारी संध्याकाळी हेच सांगायला मी त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो. काका ते कोरं कार्ड हातात घेऊन रंगाच्या उपड्या बादलीवर बसले होते. त्यांनी वर पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘काका, सापडला.’

मी एवढ्यावरच थांबणार होतो. पण काकांनी पेनाचं टोपण काढलं. ‘नाव?’

‘अर्नेस्ट,’ मी म्हणालो. अर्नेस्ट हा आमचा प्लंबर, त्याच दुपारी येऊन गेला होता. ‘अर्नेस्ट मेडोक्रॉफ्ट.’ मेडोक्रॉफ्ट ही आमच्या मागची गल्ली, जिथे काका रोज सकाळी चालायला जातात. यावरून माझ्या कल्पनाशक्तीचा घेर लक्षात यावा.

‘धंदा?’

यानंतर मला कुणी ढकललं असं म्हणता येणार नाही. मीच धावत सुटलो. अर्नेस्ट लुइझियानात रेड रिव्हरच्या काठावर, होड्यांच्या धक्क्यावर दिवा लावायचा. डावा पाय गाडीच्या चाकाखाली गेलेला. एका वादळी संध्याकाळी वात पेट घेईना तेव्हा गीत सुचलं. बायको मार्था रोज त्याची भाकर धक्क्यावर घेऊन जायची, आणि एकतीस वर्षांत तिनं ‘घरी कधी येणार?’ असं एकदाही विचारलं नाही. गेला न्यूमोनियानं, न्यूमोनियावर कुणी शंका घेत नाही. काका लिहीत होते. काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

‘एकतीस वर्षांत एकदाही नाही?’

‘नाही, काकू.’

‘हं,’ काकू म्हणाल्या.

‘आणि पुरलंय कुठे?’ काकांनी विचारलं. पुरात कबर वाहून गेली, हे उत्तर मला दुसऱ्या दिवशी दाढी करताना सुचलं. त्या क्षणी मी फोनवर नकाशा उघडला, रेड रिव्हरवर बोट ठेवलं आणि बोटाखाली आलेल्या गावाचं नाव वाचून दाखवलं. काकांनी कार्ड छातीशी धरलं. ‘शनिवारी निघू. रविवारच्या आत त्याला भेटायला हवं.’

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘यार, तू आत्ताच्या आत्ता जाऊन खरं काय ते सांग.’ मी गुरुवारी गेलो, तर काका सुटाला इस्त्री करत होते. शुक्रवारी गेलो, तर ते फोनवर मिस कोरांना अर्नेस्टच्या पायाची हकीकत सांगत होते आणि पलीकडून ‘लॉर्ड, लॉर्ड’ ऐकू येत होतं. सांगायला गेलेला माणूस दोन्ही दिवशी चहा पिऊन परतला.

शनिवारी पहाटेच निघालो. पाच तासांचा रस्ता. बोमॉन्ट आलं की सांगायचं असं मी ठरवलं होतं. बोमॉन्टला काकांना डुलकी लागली. लुइझियानाची हद्द ओलांडल्यावर सांगणार, तर काकूंनी मागून दशमी आणि ठेच्याचा घास पुढे केला. त्या ठेच्यावर कबुलीजबाब काय, ओरडताही येत नाही. काका मांडीवर ताल धरून हलक्या आवाजात सराव करत होते. अजून शब्द नाहीत, नुसती चाल. गाव आलं, गावाबाहेरचं छोटंसं कबरस्तान आलं. ऑक्टोबर संपत आला होता तरी ऊन चांगलंच होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका सुटाबुटात पहिल्या ओळीपासून सुरू झाले. प्रत्येक दगडापुढे गुडघ्यावर बसायचे, ओल्या रुमालानं अक्षरं पुसायची, वाचायचं. ‘हा नव्हे.’ उठायचं. ‘हाही नव्हे.’ चौथ्या ओळीत उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, तेव्हा मला राहवेना.

‘काका, तो इथे नाहीये.’

‘पुढच्या ओळीत असेल.’

‘पुढच्या ओळीतही नाहीये. कुठेच नाहीये. मी बनवला.’

‘कुणाला?’

‘अर्नेस्टला.’

काकांनी खिशातून कार्ड काढलं आणि पहिल्यापासून वाचलं, एकेक रकाना. ‘पायसुद्धा?’

‘पायसुद्धा.’

‘मेडोक्रॉफ्ट?’

‘आपल्या मागची गल्ली.’

‘तरीच. रोज वाचतो मी ती पाटी.’ मग थांबून, जरा खालच्या आवाजात, ‘आणि मार्था?’

झाडाखालून काकू म्हणाल्या, ‘मला पहिल्यापासून तिच्यावरच संशय होता.’

एरवी या वाक्यावर काका खो-खो हसले असते. ते हसले नाहीत. ‘काल प्रार्थनेत मी त्याचं नाव घेतलं रे,’ ते म्हणाले. ‘माझ्या आईच्या गाण्यावर तू खोटं नाव लावलंस.’ आणि ते कार्ड खिशात घालून एकटेच पुढे चालत गेले. मी तिथेच उभा. आयुष्यात मी पुष्कळ वेळा तोंडावर पडलो आहे आणि त्याच्या गोष्टी करून लोकांना हसवत आलो आहे. त्या दुपारी मात्र गोष्ट करायला काही उरलंच नव्हतं. काकूंनी मला थर्मासमधला चहा दिला. शेवटच्या कोपऱ्यात, कुंपणाला टेकलेल्या एका जुन्या दगडापाशी काका गवतावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी हात हलवला.

‘ये इकडे. तुझे डोळे तरुण आहेत. हे वाच.’

मी बसलो. दगडावर शेवाळ होतं. ते खरवडलं, बोटं फिरवली. अक्षरं होती कधीतरी, आता नुसते खळगे उरलेले. एकीकडे सात असावा, किंवा तो तडा असेल.

‘वाचता येत नाही, काका.’

‘नीट बघ. थापा मारायच्या नाहीत.’

मी पुन्हा पाहिलं. ‘नाही येत. पुसलं गेलंय. कोण आहे, माहीत नाही.’

‘मग एवढंच तर बुधवारी सांगायचं होतं,’ काका म्हणाले. माझ्या खांद्यावर भार देऊन ते उठले, कोटाची बटणं लावली, टोपी काढली, आणि त्या नाव पुसलेल्या दगडापुढे त्यांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा आईचं गाणं म्हटलं. मराठीत, चारही कडवी. आवाज चौथ्या कडव्यात जरा फाटला. पण त्यांच्याच सिद्धान्ताप्रमाणे ते कडवं सोनं होतं. परतीच्या वाटेवर पाच तास ते माझ्याशी बोलले नाहीत. फक्त बोमॉन्टपाशी म्हणाले, ‘उजव्या लेनमध्ये घे.’

रविवारी आम्ही दोघंही, मी आणि बायको, मागच्या बाकावर जाऊन बसलो. काका उभे राहिले. मिस कोरांनी अर्नेस्टच्या पायासाठी रुमाल काढून ठेवला होता. काका इंग्रजीत म्हणाले, ‘हे कुणी लिहिलं, मला माहीत नाही. खूप शोधलं. शुक्रवारी मी मिस कोरांना एक नाव सांगितलं, ते चुकीचं होतं. माझी आई हे म्हणायची. ती नर्स होती. पट्ट्या धुवायची. एवढंच मला माहीत आहे.’ आणि ते थांबले. काकूंच्या घड्याळात अर्धं मिनिटही झालं नव्हतं. मिस कोरांच्या सबंध कारकिर्दीत पहिल्यांदाच सूर वेळेवर लागला नाही. त्या अकरा मिनिटांच्या तयारीनं बसल्या होत्या. मग त्यांनी अगदी हलके सुरुवात केली. सगळे इंग्रजीत गात होते, काका मराठीत, आणि ‘येते मी, येते मी’ला मागच्या बाकावरून एक बेसूर आवाज मिसळत होता, त्याबद्दल चर्चची मंडळी मला अजून काही बोललेली नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. म्हणजे बोलतात, पण पाइपातून हवा यावी तसं. आता गॅरेजमध्ये कार्डं मी वाचतो आणि काका बादलीवर बसून ऐकतात. मी एखादी गोष्ट जरा फुगवली की ते बोटानं मिठाईच्या डब्यावर एकदा टकटक करतात. त्यांच्या पाइपलाइनच्या भाषेत, गळती. मी मागे येऊन दुरुस्त करतो. परवा ‘अ’चा डबा आवरताना मला ते कार्ड दिसलं. नाव: अज्ञात. धंदा: माहीत नाही. दुखणं: माहीत नाही. गीत सुचलं तेव्हा काय चाललं होतं, या रकान्यात काकांच्या अक्षरात लिहिलंय: ‘कुणाची तरी वाट पाहत असावा.’ त्याच्या मागेच अर्नेस्टचं कार्ड. फाडलेलं नाही. वर पेन्सिलीनं शेरा आहे, ‘खोटा. शेजाऱ्यानं बनवलेला’, आणि खाली, बायकोच्या रकान्यापुढे, काकूंच्या अक्षरात, ‘अगदीच खोटी’.

तुमच्यावर लिहितोय, नाव घालू का, असं मी काकांना विचारलं. त्यांनी मान हलवली आणि मला जवळ ओढून कानात म्हणाले, ‘नाव कर्त्याचं लिहायचं. मी नुसता गाणारा.’ म्हणून इथे त्यांचं नाव नाही.

सकाळी ते अजून चालायला जातात. कधी कधी मीही जातो सोबत. ते चाल गुणगुणत असतात. शब्द आता निघत नाहीत, चालही अर्धीच ऐकू येते, उरलेली मला पाठ झाली आहे. मेडोक्रॉफ्टच्या कोपऱ्यावर ती हिरवी पाटी आली की काका थांबतात, टोपी काढतात, त्यांच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळींच्या पद्धतीनं कपाळाशी हात नेऊन ओठांनीच म्हणतात, ‘सलाम, अर्नेस्ट.’ आणि मी टोपी काढेपर्यंत पुढे पाऊल टाकत नाहीत.